पान हिरवंगार, पाइप तुंबलेला: हायड्रोपोनिक्समधली मुळं आणि पाण्याची वाट

(इअरफोन घरी राहिला असेल किंवा लोकलच्या गर्दीत ऐकू येत नसेल, तर हा भाग इथे वाचा. बोलताना आलेले 'अं' आणि 'म्हणजे' थोडे कमी केलेत. बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय. वेळ चौकोनी कंसात दिलीय.)

[००:००] त्या दिवशीचा फोन

आज सुरुवातीलाच माझी एक फजिती सांगते. कारण आजचा अख्खा विषय तिच्यातूनच निघालाय.

एप्रिल महिना, दुपारचे अडीच. मी ऑफिसात. फोन आला खालच्या मजल्यावरच्या काकूंचा. "अगं, तुझ्या टेरेसवर नळ उघडा राहिलाय का? आमच्या हॉलच्या छतातून पाणी ठिबकतंय."

नळ उघडा नव्हता. धावत घरी आले तर टेरेसभर पाणी, आणि त्यात माझे हायड्रोपोनिक्सचे पाइप शांतपणे उभे. टाकी रिकामी. पंप कोरडा फिरून जळालेला, वास येतोय. सगळ्यात खालच्या पाइपातला पालक मान टाकून पडलेला. आणि मधल्या पाइपातला पुदिना? तो एकदम टवटवीत! त्याच सकाळी मी त्याचा फोटो स्टेटसला टाकला होता, 'माझी बाग बघा' म्हणून.

पुदिन्याचा एक नेट कप धरून ओढला. येईना. दोन्ही हातांनी ओढला तेव्हा बाहेर आला तो मुळांचा जाडजूड दोर. पाइपच्याच आकाराचा, ओल्या काथ्यासारखा, हातभर लांब. त्याचा एक तुकडा तुटून एल्बोमध्ये बुचासारखा बसला होता. पाण्याला पुढे जायला वाटच नव्हती, म्हणून ते वरच्या छिद्रांतून बाहेर आलं.

तर आजचा विषय हा. हायड्रोपोनिक्समध्ये मुळं वाढून पाणी कसं अडवतात, ते आधीच कसं ओळखायचं, मुळं छाटायची का, छाटायची तर किती, आणि मुळात सिस्टीम कशी बांधायची म्हणजे ही वेळ येणार नाही.

एक वाक्य मात्र आत्ताच सांगून ठेवते: पानांकडे बघून पाइपातलं काही कळत नाही. पाणी बघावं लागतं.

[०२:४०] नेमकं झालं काय?

माझी सिस्टीम अगदी साधी. चार इंची पीव्हीसीचे तीन पाइप, प्रत्येक दहा फुटी, एकाखाली एक. वरच्या पाइपात पाणी सोडायचं, ते एल्बोमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, तिथून परत टाकीत. टाकी पन्नास लिटरची, पंप कूलरचा. बहुतेक जण असंच सुरू करतात, व्हिडिओत असंच दाखवतात.

आता हिशोब करू. चार इंची, दहा फुटी पाइप गच्च भरला तर त्यात साधारण २३ लिटर पाणी मावतं. टाकीत त्या दिवशी ४० लिटर होतं. एल्बो तुंबला तशी पंपाने टाकीतलं पाणी वर चढवलं, ते मधल्या पाइपात साचलं. जवळजवळ निम्मं पाणी तिथेच अडकलं. पाइप भरल्यावर उरलेलं निम्मं नेट कपच्या छिद्रांतून सांडलं. मिनिटाला दोन लिटर जरी सांडलं तरी वीस लिटर जायला दहाच मिनिटं लागतात. नंतर टाकीत पाणीच नाही, तरी पंप फिरतोय. तो जळाला.

आणि तुंबलेल्या जागेच्या पुढे, म्हणजे खालच्या पाइपात, थेंबभर पाणी जात नव्हतं. एप्रिलच्या उन्हात पालकाला तासा-दोन तासांत मान टाकायला एवढं पुरेसं आहे.

बघा, एका बुचाने तीन नुकसानं केली: वरती पूर, खाली दुष्काळ, टाकीत पंप कोरडा. आणि ज्याच्यामुळे हे सगळं झालं तो पुदिना मजेत! कारण तो पाण्यातच बसला होता. पानं बघून कळत नाही, म्हणते ते ह्यासाठी. निदान सुरुवातीला तरी नाही.

[०५:१०] मुळांना पाणी लागतं, आणि हवासुद्धा

आता कोणी म्हणेल, पुदिना पाण्यात मजेत होता ना, मग पाइप भरलेलाच ठेवायचा की! इथे थोडं विज्ञान.

मुळं श्वास घेतात. पानं प्रकाशात ऑक्सिजन बनवतात हे शाळेत शिकलो. पण मुळं अंधारात असतात, त्यांना ऑक्सिजन बाहेरून लागतो. तो मिळाला नाही तर त्यांना पाणी आणि खत आत ओढायला ताकद उरत नाही. म्हणून कधीकधी झाड पाण्यात उभं असून तहानेने सुकतं. कुंडीला जास्त पाणी घातल्यावर हेच होतं.

पाण्यात ऑक्सिजन किती विरघळतो? २५ अंश तापमानाला एका लिटरमध्ये जास्तीत जास्त सुमारे सव्वाआठ मिलिग्रॅम. ३० अंशाला साडेसात. ३५ अंशाला सात. म्हणजे उन्हाळ्यात टाकी तापली की ऑक्सिजन कमी, आणि नेमकी तेव्हाच मुळांची भूक जास्त. याउलट एक लिटर साध्या हवेत ऑक्सिजन असतो सुमारे पावणेतीनशे मिलिग्रॅम. तीसपटीहून जास्त! शिवाय साचलेल्या पाण्यात तो पसरतो हवेच्या मानाने हजारो पटींनी हळू.

म्हणूनच इंग्लंडमध्ये ॲलन कूपर नावाच्या शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात एक वेगळी पद्धत काढली. मुळं पाण्यात बुडवायची नाहीत. चॅनेलच्या तळावरून खतपाण्याचा अगदी पातळ थर वाहता ठेवायचा. मुळांचा खालचा भाग पाण्यात, वरचा भाग दमट हवेत. हीच ती एनएफटी, न्यूट्रिएंट फिल्म टेक्निक. यातला 'फिल्म' शब्द सगळ्यात महत्त्वाचा. फिल्म म्हणजे पातळ थर. आपण गच्चीवर पीव्हीसी पाइप लावून त्याला एनएफटी म्हणतो खरं, पण मुळांचा बांध पडला की ती फिल्म जाते आणि पाइपाचं डबकं होतं.

आणि मुळांचा गठ्ठा जाड झाला की आणखी एक गोष्ट होते. पाणी नेहमी सोपी वाट शोधतं. ते गठ्ठ्याच्या कडेने निघून जातं. गठ्ठ्याच्या पोटात पाणी हलतच नाही. तिथला ऑक्सिजन संपतो, आतली मुळं मरायला लागतात, आणि मग मुळकूज येते. पायथियम नावाचा एक बुरशीसारखा जीव आहे, त्याचे बीजाणू चक्क पाण्यात पोहतात. कोमट, साचलेलं पाणी आणि मेलेली मुळं म्हणजे त्याला जेवणाचं आमंत्रणच. एकदा तो शिरला की सगळ्या पाइपांना तेच पाणी, त्यामुळे सगळ्या झाडांना धोका.

[०८:५०] मुळं एवढी वाढतात कशामुळे?

चार कारणं सांगते. माझ्या घरी चारही होती!

पहिलं, पीक. लेट्यूस महिना-दीड महिन्यात काढून होतं. त्याची मुळं पाइप तुंबवायच्या आत ते सॅलडमध्ये गेलेलं असतं. पण पुदिना, बेसिल, टोमॅटो, काकडी ही मंडळी महिनोन्‌महिने राहतात. त्यात पुदिना सगळ्यात डांबरट. तो नुसता मुळं वाढवत नाही, आडवे धावरे सोडतो. ते नेट कपमधून पाइपात शिरतात आणि प्रत्येक पेरापाशी नवीन मुळं फोडतात. तुम्ही लावलेली असतात सहा झाडं, पाइपात निघतात तीस.

दुसरं, वय. 'अजून पानं येतायत ना, मग कशाला काढायचं?' असं म्हणत मी तोच पुदिना आठ महिने ठेवला होता.

तिसरं कारण ऐकून मलाच आश्चर्य वाटलं होतं. पातळ खत! मला वाटायचं, खत कमी म्हणजे सेफ. पण झाडाला नायट्रोजन, फॉस्फरस कमी पडला की ते आपली कमाई पानांपेक्षा मुळांवर जास्त खर्च करतं. त्याच्या दृष्टीने बरोबरच आहे, अन्न सापडत नाही तर शोधायला माणसं वाढवा! म्हणजे मी खत वाचवत होते आणि झाड मुळं वाढवत होतं. पालेभाज्यांना ईसी साधारण १.२ ते १.८ ठेवा. टीडीएस मीटर ५०० च्या स्केलचा असेल तर तो ६०० ते ९०० दाखवेल. मात्र तुमचं मूळ पाणी बोअरचं असेल तर त्यातले क्षार आकड्यात आधीच मोजले जातात. म्हणून खत घालण्याआधीचा आकडा लिहून ठेवा. पीएच ५.५ ते ६.५.

चौथं, जागा. गोल पाइपात पाणी मधल्या खोलगट भागातून वाहतं, सगळी मुळं तिथेच गोळा होतात. सपाट तळाच्या चॅनेलमध्ये ती पसरतात, म्हणून व्यावसायिक शेतकरी सपाट चॅनेल घेतात. गोल पाइप वाईट असं नाही, पण त्यात लक्ष जास्त द्यावं लागतं.

आणि ह्यात झाडाचा काही दोष नाही बरं का. सोसायटीच्या ड्रेनेजमध्ये पिंपळाची मुळं शिरतात ना, तेच आहे हे. जिथे पाणी आणि खत, तिथे मूळ जाणार. आपण तर त्याला आमंत्रण देऊन पाइपात बसवलंय.

[१२:१५] ओळखायचं कसं? दर रविवारी दहा मिनिटं

आता कामाची गोष्ट. आधी मी काय चुकत होते ते सांगते. मी जग घेऊन परत येणारं पाणी मोजायचे. लिटरचा जग किती सेकंदांत भरतो बघायचे. ३० सेकंदांत भरला म्हणजे मिनिटाला दोन लिटर. एनएफटीला प्रत्येक चॅनेलमध्ये मिनिटाला एक ते दोन लिटर पुरतं. माझा आकडा दर आठवड्याला तोच. मी खूश!

पण हे मोजमाप फसवं आहे. का? समजा ओढ्यात कोणी दगडांचा बांध घातला. सुरुवातीला पाणी साचेल, पण पातळी वाढली की दगडांवरून तेवढंच पाणी पुढे जाईल. खालून बघणाऱ्याला वाटेल ओढा ठीक चाललाय. पाइपातही तसंच. मुळांचा अर्धा बांध पडला तरी परत येणारं पाणी तेवढंच राहतं, फक्त पाइपातली पातळी चढत जाते. जगातला आकडा घटला तर पंपाची जाळी किंवा इनलेट तुंबलाय, किंवा कुठेतरी गळतंय. तेवढ्यासाठी ही टेस्ट ठेवा. मुळांचा बांध ओळखायला मात्र दुसऱ्या दोन टेस्ट लागतात.

एक. पंप बंद करून बघा. आधी टाकी नेहमीच्या खुणेपर्यंत भरून घ्या. पंप चालू असताना पातळीवर टेप लावा. मग पंप बंद करा आणि फोनवर स्टॉपवॉच लावा. पाइपातलं पाणी टाकीत परत यायला लागेल. धार संपून थेंब पडायला किती वेळ लागला तो लिहा. पाणी स्थिरावल्यावर टाकीची नवी पातळीही लिहा. दोन पातळ्यांमधला फरक म्हणजे पाइपात वाहत असलेलं पाणी. तो फरक आठवड्यागणिक वाढत असेल, धार संपायला जास्त वेळ लागत असेल, तर पाइपात बांध तयार होतोय. नवीन लागवड केल्यावर पहिल्याच आठवड्यात आकडा नोंदवा, तुलना त्याच्याशी करा. वेळ दुप्पट झाला की मी पाइप उघडते. हा माझा घरगुती नियम आहे, शास्त्रीय नाही, पण तेव्हापासून पूर आलेला नाही.

दोन. काडी घाला. प्रत्येक पाइपच्या शेवटचा नेट कप उचला, एक लाकडी काडी तळाला टेकवा, किती ओली झाली बघा. सगळ्यात वरच्या टोकालाही तसंच करा. एखाद्या पाइपात मध्येच पाणी खोल आणि त्याच्या पुढे उथळ, तर बांध त्या दोघांच्या मध्ये आहे. सोपं!

कप उचललाच आहे तर मुळंही बघून घ्या. पांढरी किंवा सायीच्या रंगाची, कडक, मातीचा ताजा वास, म्हणजे उत्तम. खताच्या रंगाने थोडी तपकिरी झाली असतील तर घाबरू नका. बुळबुळीत आहेत आणि घाण वास येतोय का, ते बघा. एक मूळ चिमटीत धरून हलकेच ओढा. बाहेरची साल हातात आली आणि आत नुसता दोरा राहिला, तर ती मुळकूज आहे.

[१६:३०] तुंबलंय, आता काय?

क्रम लक्षात ठेवा. घाईत उलटं केलं की नुकसान वाढतं.

आधी प्लग काढा. टेरेसवर पाणी आणि वायर एकत्र असते, ओल्या हाताने काही करायचं नाही. मग पाइपातलं पाणी बादलीत उतरवा. ते खतपाणी आहे, कुंड्यांना घाला, गटारात नको. आता बांध शोधा आणि शक्यतो वरून ओढू नका. वरून ओढलं की मुळं तुटतात, तुकडे पुढे जाऊन एल्बोत अडकतात. माझं अगदी हेच झालं असणार. बांधाच्या जवळचं टोक उघडा आणि तिकडून हाताने गठ्ठा सोडवा. झाडं ओल्या कापडात गुंडाळून सावलीत ठेवा. पाइप स्वच्छ पाण्याने धुवा, तुटलेली सगळी मुळं बाहेर काढा. पाइपात राहिलेलं मूळ तिथेच कुजतं.

आणि एक, पाणी पुन्हा सुरू करताना पातळी एकदम वाढवू नका. जी मुळं इतके दिवस हवेत होती ती हवेला सरावलेली असतात. ती अचानक बुडवली की गुदमरतात. हवाईचे बर्नार्ड क्रॅट्की यांची पंपाशिवायची बादलीची पद्धत तुमच्यापैकी काहींनी केली असेल. त्यातही हाच नियम आहे: पातळी खाली गेल्यावर बादली परत काठोकाठ भरायची नसते.

[१९:००] मुळं छाटायची का?

छाटता येतात. पण सगळ्यांची नाही आणि कधीही नाही.

लेट्यूस, पालक, कोथिंबीर, यांची छाटू नका. त्यांचं आयुष्यच थोडं. मुळं पाइप भरतायत म्हणजे काढणीची वेळ झाली. टोमॅटो-काकडीला फळं लागलेली असताना छाटलं तर फुलं-फळं गळू शकतात. त्यांच्यासाठी एनएफटी पाइप ही जागाच नव्हे. त्यांना बादली द्या.

पुदिना, बेसिल यांची छाटणी होते. पद्धत अशी. संध्याकाळी करा, ऊन उतरल्यावर. कात्री स्पिरिटने पुसून घ्या. कप उचला, मुळं पाण्याच्या बादलीत सैल करा, म्हणजे केस विंचरण्याआधी जसे सोडवतो तसे. आधी तपकिरी, मेलेली मुळं काढा. मग खालची शेपटी कापा. एका वेळी एकूण मुळांच्या पाव भागापेक्षा जास्त नाही. आणि जेवढी मुळं काढाल तेवढा वरचा पालाही काढा. हे लोक विसरतात. मुळं कमी आणि पानं तेवढीच राहिली तर पानांतून उडणारं पाणी भरून कोण काढणार? पुदिन्याच्या बाबतीत तर सोपं आहे, चटणी करा!

सगळी झाडं एका दिवशी छाटू नका. एक आड एक करा, उरलेली आठवड्याने. छाटल्यावर दोन-तीन दिवस शेडनेट. ताज्या जखमा असतात, रोग आत शिरायला दार उघडं असतं, म्हणून त्या दिवशी टाकीतलं पाणी नवीन भरा.

आणि खरं सांगू? पुदिन्याला तिसऱ्यांदा छाटायची वेळ आली तर काडी घेऊन नवीन लावा. पुदिन्याची काडी पाण्यात आठवड्या-दोन आठवड्यांत मुळं धरते. जुनं झाड जपण्यात माया असते, शहाणपण असेलच असं नाही.

[२२:२०] मी नंतर काय काय बदललं

एक, उतार. दहा फुटांच्या पाइपाला माझा उतार होता जेमतेम एक इंच. आता तीन इंच आहे, म्हणजे साधारण ४० सेंटीमीटरला एक. गवंड्याची पाणसळ आणून मोजला. मध्ये पाइप झोळ खात असेल तर तिथे आधार द्या. झोळात पाणी साचतं आणि तिथेच मुळं गुंततात.

दोन, जोडणी. आधी एकामागोमाग एक होती. पाइप एक तुंबला की सगळे उपाशी. आता प्रत्येक पाइपाला वेगळी नळी, वेगळा छोटा व्हॉल्व्ह. परत येणारं पाणी सगळ्यांचं एका मोठ्या पाइपात. आता एक बिघडला तर एकच बिघडतो.

तीन, तोंड. पाणी आत यायला अर्धा इंची नळी चालते, पण बाहेर जायचं तोंड किमान दीड इंच ठेवा. आत थोडं-थोडं येतं, पण बाहेर जाताना मुळांतून वाट काढायची असते. काटकोनी एल्बो जितके कमी तितकं बरं.

चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. टोकाला सोल्युशन लावू नका. मी सगळे एल्बो सोल्युशनने पक्के चिकटवले होते, गळू नये म्हणून. त्यामुळे त्या दिवशी आरीने पाइप कापावा लागला! आता टोकाला रबरी रिंगची एंड कॅप आहे, हाताने निघते. जे उघडता येत नाही ते साफ होत नाही.

पाच, सांडवा. धरणाला असतो ना, तसा. एंड कॅपला वरच्या बाजूला, नेट कपच्या छिद्रांच्या खाली, दुसरं छिद्र पाडलं आणि त्यातून एक नळी थेट टाकीत सोडली. खालचं तोंड तुंबलं तर पाणी त्या नळीने टाकीत येतं, काकूंच्या हॉलमध्ये नाही. त्या नळीतून पाणी वाहताना दिसलं की समजायचं, पाइप उघडायची वेळ झाली.

सहा, टाकीत फ्लोट स्विच. पाणी ठरावीक पातळीखाली गेलं की पंप आपोआप बंद. नवीन पंपाच्या किमतीपुढे तो स्वस्त पडतो. आणि परतीच्या नळीखाली जुना नायलॉनचा मोजा, तुटलेली मुळं गाळायला. मोजा टाकीच्या आतच लटकवा, म्हणजे तो भरला तरी पाणी टाकीतच सांडेल. तो दर आठवड्याला धुवायचा. विसरलात तर तोच नवीन बूच!

सात, पुदिन्याची बदली. तो आता पाइपात नाही, एका वेगळ्या बादलीत एकटा आहे. त्याने तिथे हवं ते करावं.

[२६:१०] दुसऱ्या पद्धती वापरणाऱ्यांसाठी पटकन

डीप वॉटर कल्चर, म्हणजे बादलीत लटकणारी मुळं. इथे पाणी तुंबत नाही, पण मुळं एअर स्टोनला विळखा घालतात आणि बुडबुडे बंद होतात. स्टोन तळाच्या एका कोपऱ्यात ठेवा, मुळांच्या बरोबर खाली नको.

भरती-ओहोटीचे ट्रे. मुळं निचऱ्याच्या भोकात शिरतात. भोकावर उलटी जाळीची टोपी ठेवा आणि उंचीवरची ओव्हरफ्लो नळी कधीही बंद करू नका.

उभे टॉवर. मुळं मधल्या पोकळीत लोंबून वरून पडणारं पाणी एकाच बाजूला वळवतात, दुसरी बाजू कोरडी. मोठी झाडं खाली, छोटी वर लावा आणि झाकण काढून आत टॉर्च मारून बघत जा.

बादलीत परलाइट किंवा कोकोपीट आणि ठिबक. टोमॅटो, काकडीसाठी हे बरं. इथेही बाहेर जाणाऱ्या एल्बोत मुळं शिरतात, हंगामात दोन-तीनदा बोट घालून बघा.

[२८:३०] तुमचे प्रश्न

व्हॉइस नोट खूप आल्यात, तीन घेते.

एका दादांनी विचारलंय, "ड्रेनेजची मुळं मारायला मोरचूद टाकतात, तसं थोडं टाकीत टाकलं तर?" नको, दादा, अजिबात नको! मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. झाडाला तांबं लागतं, पण लिटरमागे मिलिग्रॅमच्या छोट्याशा अंशात. चिमूटभर जास्त झालं तर मुळं होरपळतील, फक्त नको असलेली नाही, सगळी. आणि ती भाजी आपण खाणार आहोत. पाइप साफ करायचे तर झाडं काढून, रिकामे असताना, पातळ ब्लीचने धुवा, मग स्वच्छ पाण्याने भरपूर खळबळा.

दुसरा प्रश्न एका ताईंचा. "पाइपात हिरवं शेवाळ येतं, त्यानेही तुंबतं का?" हो, मुळांच्या जाळ्यात शेवाळ अडकलं की बांध लवकर भरतो. शेवाळाला प्रकाश लागतो. रिकाम्या छिद्रांना टोप्या लावा, टाकी झाका, पारदर्शक नळ्यांना काळी टेप गुंडाळा. प्रकाश बंद, शेवाळ बंद.

तिसरा, नाशिकहून. "आमच्याकडे लाइट जाते. मग मुळं जाड असलेली बरी ना, पाणी धरून ठेवतात?" चांगला प्रश्न. खरं आहे, मुळांचा गठ्ठा थोडा वेळ ओल धरतो. नाजूक रोपांपेक्षा मोठी झाडं पंप बंद पडल्यावर जास्त तग धरतात. पण त्यासाठी बांध पोसणं म्हणजे लाइट जाईल म्हणून घरात पाणी तुंबवून ठेवणं. त्यापेक्षा छोट्या पंपाला इन्व्हर्टरवर घ्या, किंवा बॅटरीवर चालणारा डीसी पंप घ्या.

[३१:४५] जाता जाता

काकूंच्या हॉलचं छत मी रंगवून दिलं. त्यांनी मला एकच गोष्ट सुनावली, आणि ती मी विसरलेले नाही. "अगं, झाडाचा फोटो काढायला तुला रोज वेळ मिळतो, मग खाली काय चाललंय ते बघायला आठवड्यातून एकदा मिळत नाही होय?"

बरोबर बोलल्या. मातीत झाड लावलं तर मुळांचं काय करायचं ते माती बघते. जागा देते, पाणी जिरवते, हवा पुरवते. आपण माती काढून टाकली, म्हणजे मातीचं काम आपल्या अंगावर घेतलं. ते काम दिसत नाही, म्हणून राहून जातं.

तर ह्या रविवारी एवढंच करा. पंप बंद करा, स्टॉपवॉच लावा, धार संपायला किती वेळ लागतो तो आकडा लिहा. पाइप किती इंची, किती फुटी आणि पीक कोणतं, तेही लिहून मला व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात आपण तुमचे आकडे एकत्र ठेवून बघू.

काकूंना आता दर आठवड्याला पुदिन्याची जुडी जाते. छत कोरडं आहे.

भेटू पुढच्या भागात. तोवर, पाणी बघत राहा!